मोनॅस्कसचा लाल रंग नेमका कुठे अडतो?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा. मोनॅस्कस पर्प्युरियस ही बुरशी तुम्ही पोटॅटो डेक्स्ट्रोज ब्रॉथमध्ये (बटाट्याचा अर्क आणि साखर यांचे पातळ माध्यम) शेकरवर, म्हणजे सतत हलवणाऱ्या यंत्रावर, वाढवता. एका खेपेला गडद लाल येतो, पुढच्या खेपेला नारिंगी, आणि कधी ब्रॉथ फिकट पण बुरशीच्या गोळ्या लालभडक. वाढ कमी पडते म्हणून लिटरमागे ५ ग्रॅम अमोनियम सल्फेट घातले, तर बुरशी जोमाने वाढली पण रंग पिवळट-नारिंगीवरच थांबला. स्ट्रेन, म्हणजे तुमच्याकडचा बुरशीचा वाण, बिघडला असावा अशी तुम्हाला शंका आहे. शिवाय रंग काढून पूड कशी करायची आणि ती खाद्यपदार्थात चालेल का, हेही विचारले आहे.

स्ट्रेनवरचा संशय शेवटी घ्या. तुम्ही दिलेली लक्षणे माध्यमाकडे बोट दाखवतात. मोनॅस्कसचा लाल रंग बहुतांशी बुरशी थेट तयार करत नाही. ती नारिंगी रंगद्रव्य तयार करते आणि ते लाल होते अमाइन गटाशी अभिक्रिया होऊन. ही अभिक्रिया घडेल की नाही हे नायट्रोजनचा स्रोत आणि पीएच ठरवतात. बाकीच्या बहुतेक तक्रारी याच एका गोष्टीतून निघतात, म्हणून ती आधी नीट समजून घेऊ.

या बुरशीची रंगद्रव्ये अ‍ॅझाफिलोन गटातली पॉलिकीटाइड आहेत, म्हणजे छोटे कार्बनी तुकडे जोडून बनवलेले रेणू. अभिजात म्हणता येतील अशी सहा. मोनॅस्किन आणि अँकाफ्लेविन पिवळी, रुब्रोपंक्टाटिन आणि मोनॅस्कोरुब्रिन नारिंगी, रुब्रोपंक्टामिन आणि मोनॅस्कोरुब्रामिन लाल. नारिंगी रेणूच्या पायरान कड्यात एक ऑक्सिजन असतो. अमोनिया किंवा अमिनो आम्लाचा मुक्त अमाइन गट तिथे भिडला की त्या ऑक्सिजनची जागा नायट्रोजन घेतो आणि रंग नारिंगीवरून लालवर सरकतो. अमोनियाशी अभिक्रिया झाली तर वर सांगितलेली दोन लाल द्रव्ये मिळतात, आणि ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ग्लुटामेटसारख्या अमिनो आम्लाशी झाली तर त्या आम्लाची शेपटी रेणूला चिकटून येते. असा लाल रंग पाण्यात विरघळतो आणि ब्रॉथमध्ये बाहेर पडतो. तुमच्या ‘ब्रॉथ फिकट, गोळ्या लाल’ या कोड्याचे उत्तर बव्हंशी इथेच आहे. रंग तयार झाला होता, पण तो पाण्यात उतरणारा नव्हता.

आता पीएच. अभिक्रिया मुक्त अमाइन करतो, प्रोटॉन चिकटलेला अमाइन करत नाही. अमोनियमचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचा अर्धा भाग प्रोटॉन सोडून मुक्त होतो तो आकडा, सुमारे ९.२५ आहे आणि ग्लुटामेटच्या अमाइनचा त्याच्या थोडा वर. म्हणजे आपण काम करतो त्या टापूत पीएच एका एककाने उतरला की मुक्त अमाइन दहापट घटतो. ६.५ वरून ३.५ वर आलात तर हजारपट. अमोनियम सल्फेट घातल्यावर नेमके हेच घडते. बुरशी अमोनियम आत घेते, बदल्यात प्रोटॉन बाहेर सोडते, आणि बफर नसलेल्या माध्यमाचा पीएच दोन-तीन दिवसांत ३ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली जातो. बुरशीला त्याचे काही वाटत नाही, ती आम्लात आनंदाने वाढते. नारिंगीचे लाल होणे मात्र थांबते. उलट सोडियम नायट्रेट वापरले तर पीएच हळूहळू चढतो.

नुसत्या पोटॅटो डेक्स्ट्रोज ब्रॉथची अडचण वेगळी आहे. त्यात लिटरमागे २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि ४ ग्रॅम बटाट्याचा अर्क असतो. पीएच सुमारे ५.१, बफर जवळजवळ नाही, नायट्रोजन अगदी थोडा. तोही अर्कातून येणारा, म्हणून खेपेगणिक कमीजास्त. बुरशी जिवंत ठेवायला हे माध्यम उत्तम आहे. एकसारखा रंग मिळवायला ते बनवलेलेच नाही.

स्ट्रेन खरेच बिघडला आहे का, हे एका संध्याकाळी तपासता येते. अमोनियम सल्फेटच्या खेपेतले नारिंगी कवकजाल गाळून घ्या, ७० टक्के इथेनॉलमध्ये तासभर हलवा आणि गाळलेला अर्क दोन नळ्यांत ५-५ मिली घ्या. एकीत ०.१ मोलर फॉस्फेट बफरात, पीएच ८ वर, विरघळवलेले २ टक्के मोनोसोडियम ग्लुटामेट १ मिली घाला. दुसरीत तोच बफर १ मिली, ग्लुटामेटशिवाय. दोन्ही नळ्या ३० अंशांना अंधारात ठेवा. इथेनॉलमुळे फॉस्फेटचा थोडा पांढरा साका बसू शकतो, त्याची काळजी नको. पहिली नळी लाल होत गेली आणि दुसरी नारिंगीच राहिली, तर बुरशी तिचे काम चोख करते आहे आणि कसूर माध्यमाची आहे. दोन्ही नळ्या मुळातच फिकट असतील तरच स्ट्रेनकडे वळा.

शेकरसाठी मी हे माध्यम वापरते, प्रमाण लिटरमागे: ग्लुकोज २० ग्रॅम, मोनोसोडियम ग्लुटामेट ५ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.५ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.१ ग्रॅम, फेरस सल्फेट आणि झिंक सल्फेट प्रत्येकी ०.०१ ग्रॅम, मँगनीज सल्फेट ०.०३ ग्रॅम. पीएच ६.५. दोन फॉस्फेटांच्या या जोडीमुळे पीएच आपोआपच साडेसहाच्या थोडा वर बसतो, त्यामुळे आम्लाचे काही थेंब पुरतात. खूप आम्ल लागले तर वजनात चूक झाली असे समजा.

हे सगळे एकाच बाटलीत टाकून ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करू नका. ग्लुकोज आणि ग्लुटामेट एकत्र तापले की मेलार्ड अभिक्रियेने माध्यम तपकिरी होते. त्या तपकिरी छटेचे शोषण ४०० नॅनोमीटरला नेमके पिवळ्या रंगद्रव्याच्या जागी दिसते, आणि मग ‘पहिल्या दिवसापासून पिवळा रंग आहे’ असा भास होतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र तापले तर गढूळ साका बसतो, त्यात लोहही अडकते. म्हणून ग्लुकोज वेगळे, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळे, बाकीचे वेगळे. सगळे १२१ अंशांना १५ मिनिटे, आणि थंड झाल्यावर एकत्र. लोह, जस्त, मँगनीज यांचे शंभरपट तीव्र द्रावण गाळून निर्जंतुक केले तर काम सोपे होते.

तुमच्या ५ ग्रॅम अमोनियम सल्फेटबद्दल आणखी एक गोष्ट. त्यात वजनाच्या सुमारे २१ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे लिटरमागे एक ग्रॅमहून थोडा जास्त. ५ ग्रॅम ग्लुटामेटमध्ये तो जेमतेम ०.३७ ग्रॅम आहे. तुम्ही नुसता स्रोत बदलला नाहीत, जवळजवळ तिप्पट नायट्रोजन दिलात. मुबलक नायट्रोजन मिळाला की बुरशी आधी अंग भरते, रंगाकडे नंतर वळते. दोन स्रोतांची तुलना करायची तर नायट्रोजन समान ठेवूनच करावी, नाहीतर कोणत्या कारणाने काय झाले ते कळत नाही.

इनॉक्युलमकडे, म्हणजे माध्यमात बुरशीची सुरुवात म्हणून टाकायच्या बीजाणूंकडे, बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि खेपेखेपेतला फरक बऱ्याचदा तिथूनच येतो. पोटॅटो डेक्स्ट्रोज अगारवरचा ३० अंशांना सात दिवस वाढलेला स्लँट (नळीत तिरक्या थरावर वाढवलेले कल्चर) घ्या. त्यावर ०.१ टक्का ट्वीन ८० (साबणासारखे काम करणारे द्रव्य) असलेले निर्जंतुक पाणी ओतून लूपने हलके खरवडा, निर्जंतुक कापसातून गाळा आणि न्यूबॉअर कक्षात बीजाणू मोजा. फ्लास्कमध्ये मिलीमागे एक लाख ते दहा लाख बीजाणू पडतील एवढे टाका. अगारचा तुकडा कापून टाकण्याची पद्धत सोपी आहे, पण प्रत्येक तुकड्यात किती बीजाणू आले हे कुणालाच सांगता येत नाही. बीजाणू कमी पडले की मोजक्या, मोठ्या, घट्ट गोळ्या बनतात. तीन-चार मिलिमीटरहून मोठ्या गोळीच्या गाभ्यात ऑक्सिजन पोहोचत नाही आणि तिथली बुरशी रंग तयार करणे सोडून देते. गोळी चिरून पाहा. कड लाल आणि गाभा पांढरट किंवा करडा दिसला तर हेच झाले आहे.

स्ट्रेन बिघडतो तो वारंवार एका स्लँटवरून दुसऱ्या स्लँटवर नेल्याने. थाळीवर पांढऱ्या पाचरी दिसू लागल्या की ते रंग सोडलेल्या पेशींचे पट्टे असतात, आणि त्या रंगवाल्यांपेक्षा वेगाने वाढत असल्या तर दर पिढीत त्यांचा वाटा वाढतो. आलेल्या मूळ कल्चरचे लगेच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना साठे करून ठेवा आणि कामाचा स्लँट चार-पाच पिढ्यांनंतर टाकून द्या. पाचर दिसलीच तर लाल भागातून पुन्हा एकेका बीजाणूपासून कॉलनी वेगळी करा.

२५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीहून जास्त माध्यम नको. तापमान ३० अंश, वेग मिनिटाला १२० ते १५० आवर्तने, फ्लास्कभोवती अ‍ॅल्युमिनियमची पन्नी, कारण उजेडात रंग कमी येतो आणि तयार झालेलाही विटतो. ग्लुकोज वाढवून रंग वाढेल असे वाटणे साहजिक आहे. पण लिटरमागे ५० ग्रॅमच्या पुढे गेल्यावर मोनॅस्कस हवा असतानाही साखरेचे इथेनॉल करू लागते, आणि तेवढा कार्बन रंगाच्या हिशेबातून जातो. फ्लास्क उघडल्यावर दारूचा वास आला तर साखर जास्त आहे किंवा हवा कमी आहे. तुमच्याकडे कोणते कारण असेल हे शेकर, फ्लास्कचा आकार आणि बुचाचा कापूस किती घट्ट आहे यावर अवलंबून आहे. मी आधी माध्यमाचे आकारमान अर्धे करून पाहीन.

रंग साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसू लागतो आणि सात ते दहा दिवसांत शिखर गाठतो. रोज एक मिली काढून पीएच आणि ४००, ४७० व ५०० नॅनोमीटरचे शोषण (अनुक्रमे पिवळा, नारिंगी आणि लाल) लिहून ठेवा. साखर संपल्यावर पीएच झपाट्याने चढू लागला तर कवकजाल फुटू लागले असे समजा. त्यानंतर थांबण्यात अर्थ नसतो, ब्रॉथ चिकट होतो आणि गाळणे जिकिरीचे बनते.

थोडक्यात, इथपर्यंतचा मुद्दा असा की बुरशीकडून नारिंगी काढायचा आणि ६ ते ७ पीएचला अमिनो आम्ल हाताशी ठेवून त्याचा लाल करायचा. काही जण हे मुद्दाम दोन टप्प्यांत करतात. आधी आम्लात भरपूर नारिंगी साठवू देतात, मग अर्क काढून हव्या त्या अमिनो आम्लाशी अभिक्रिया घडवतात. वर दिलेली नळीतली चाचणी म्हणजे त्याच पद्धतीचे छोटे रूप आहे. छटा नेमकी हवी असेल तर हा मार्ग जास्त हातात राहतो, कारण कोणते अमिनो आम्ल द्यायचे हे आपण ठरवतो, बुरशी ठरवत नाही.

शेकर नसेल किंवा पूडच हवी असेल तर तांदळावरचे घन-अवस्था किण्वन सोपे आहे आणि ग्रॅममागे रंगही भरपूर देते. तिथे सगळी मेख ओलाव्यात असते. ‘भिजवून निथळून घ्या’ असे लिहिलेले आढळते, पण त्याने दर वेळी ओलावा वेगळा येतो. तो मोजून द्या. १२ टक्के ओलाव्याच्या २५ ग्रॅम तांदळात कोरडा भाग २२ ग्रॅम असतो. ५० टक्के ओलावा हवा म्हणजे एकूण वजन ४४ ग्रॅम, म्हणजे १९ मिली पाणी लागेल. त्यातले २ मिली इनॉक्युलममधून येणार, म्हणून ऑटोक्लेव्हच्या आधी १७ मिली घाला. पाणी तासभर मुरू द्या, १२१ अंशांना २० मिनिटे ठेवा आणि गरम असतानाच फ्लास्क आपटून दाणे सुटे करा. चिकट जातीचा तांदूळ टाळा. थंड झाल्यावर मिलीमागे एक कोटी बीजाणूंचे २ मिली इनॉक्युलम टाकून नीट कालवा. पहिले तीन दिवस रोज हलवा, म्हणजे दाणे जाळ्यात बांधले जाणार नाहीत. दाणे सुकलेले दिसले तर निर्जंतुक पाणी थोडे थोडे शिंपडा, एकदम ओतू नका. दहा ते चौदा दिवसांत दाणा आतपर्यंत लाल व्हायला हवा, तोडून पाहा.

ओलावा जास्त झाला की दोन गोष्टी बिघडतात. दाणे चिकटून हवा अडते. त्याच वेळी स्टार्च तोडणारी एन्झाइम जोरात चालतात, ग्लुकोज साचते आणि पुन्हा इथेनॉलची वाट धरली जाते. मोठ्या प्रमाणावर ट्रेमध्ये करायचे असेल तर थर दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा. बुरशीच्या श्वसनाची उष्णता जाड थरात कोंडते, मधले तापमान खोलीपेक्षा बरेच चढते, आणि रंग कडेला दिसतो पण मध्यात नाही.

दूषित होण्याबद्दल फार लिहीत नाही. आंबूस-कुजकट वास आणि बुळबुळीत दाणे म्हणजे जिवाणू. काळे ठिपके बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर. हिरवा पट्टा म्हणजे दुसरी अ‍ॅस्परजिलस किंवा पेनिसिलियम. तांदळाच्या पाण्यात थोडे अ‍ॅसेटिक किंवा लॅक्टिक आम्ल घालून पीएच ४ च्या आसपास आणला तर जिवाणूंना आळा बसतो आणि मोनॅस्कस ते सहन करते. त्याची किंमत मात्र तुम्हाला आता माहीत आहे: लालऐवजी नारिंगीकडे झुकणे. हिरवा किंवा काळा भाग काढून उरलेले वापरणे हा पर्याय नाही. सगळा फ्लास्क ऑटोक्लेव्ह करून टाकून द्यायचा.

आता रंग काढणे. ब्रॉथ आणि कवकजाल वेगळे करा आणि दोन्ही स्वतंत्रपणे मोजा. नुसता ब्रॉथ मोजून ‘रंग आला नाही’ असे ठरवणे ही सर्रास होणारी चूक आहे. कवकजाल थोड्या पाण्याने धुऊन ५० अंशांखाली वाळवा, बारीक करा आणि ग्रॅममागे २० मिली ७० टक्के इथेनॉल घालून ४० ते ५० अंशांना तासभर हलवा. गाळा, उरलेल्या चोथ्यावर पुन्हा तेच करा. दोनदा पुरते, तिसरा अर्क फिकट निघायला हवा. शुद्ध इथेनॉलने नारिंगी आणि पिवळे चांगले निघतात, पण अमिनो आम्ल चिकटलेले लाल मागे राहते, म्हणून थोडे पाणी हवेच. इथेनॉल तापवताना उघडी ज्योत किंवा उघडी कॉइल जवळ नको, झाकलेला पाण्याचा बाथ वापरा.

मोजताना अर्क एवढा पातळ करा की वाचन ०.१ ते ०.८ च्या आत येईल. त्याच्या वर बहुतेक उपकरणांची रेषा वाकते आणि गडद अर्क आहे त्यापेक्षा फिका भासतो. ब्लँक, म्हणजे शून्य धरायचा नमुना, म्हणून तेच द्रावण घ्या: ब्रॉथसाठी त्याच दिवशी बनवलेले पण बुरशी न टाकलेले माध्यम, अर्कासाठी तितक्याच टक्क्यांचे इथेनॉल. उदाहरण देते. १ ग्रॅम पूड ५० मिलीत काढली, अर्क २० पट पातळ केला आणि ५०० नॅनोमीटरला ०.४५ आले, तर ०.४५ गुणिले २० गुणिले ५०, म्हणजे ग्रॅममागे ४५० रंग-एकके. हे एकक सापेक्ष आहे. दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडण्याआधी त्यांनी कोणती तरंगलांबी आणि कोणते द्रावण वापरले ते पाहा. शिवाय तिन्ही रंगांचे पट्टे एकमेकांवर चढतात, त्यामुळे ५०० चे वाचन म्हणजे निव्वळ लाल नव्हे. ५०० आणि ४०० यांचे गुणोत्तर मला एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगते. ते खेपेगणिक स्थिर असेल तर छटा स्थिर आहे.

पूड करायला अर्कातले इथेनॉल रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० ते ४५ अंशांना निर्वातात काढा. उरलेला पाण्यातला भाग फ्रीझ-ड्राय करा किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घालून स्प्रे-ड्राय करा. आधार न देता सुकवलेला अर्क चिकट राहतो आणि हवेतला ओलावा ओढून त्याचा गोळा होतो. स्प्रे-ड्रायरमध्ये आत शिरणारी हवा १५० अंशांवर असली तरी बाहेर पडणारी ८० ते ९० च्या दरम्यान राखली तर रंग टिकतो. तांदळाची पूड करायची असेल तर आख्ख्या फ्लास्कमधली बुरशी आधी वाफेवर मारून घ्या, ४५ ते ५० अंशांना अंधारात वाळवा आणि दळताना मास्क घाला. बीजाणूंनी भरलेली ती धूळ श्वासात जाणे बरे नव्हे. पूड गडद बाटलीत, कोरडी, थंड जागी.

या रंगाचा मोठा शत्रू उजेड आहे, उष्णता त्याच्या नंतर. आम्लाचीही अडचण आहे. ४ च्या खालच्या पीएचला लाल रंगद्रव्य विरघळलेले राहत नाही, तळाशी बसते, म्हणून आंबट पेयांसाठी तो निरुपयोगी ठरतो. कापडावर करून पाहायचे असेल तर लोकर आणि रेशीम घ्या. त्यांच्या प्रथिनांत स्वतःचेच अमाइन गट असतात, त्यामुळे नारिंगी अर्कही धाग्याशी बांधला जाऊ शकतो. सुती कापड तुरटी लावूनही फिकेच रंगते. आणि लोकरीवरचा रंगही उन्हात उतरतो, हे गृहीत धरूनच चाला.

खाद्यपदार्थांबद्दलचे उत्तर सरळ आहे: सिट्रिनिनची चाचणी झाल्याशिवाय नाही. सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक कवकविष आहे. ते १९३१ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनममधून प्रथम वेगळे केले गेले. मोनॅस्कसमध्ये ‘मोनॅस्किडिन ए’ नावाने ओळखले जाणारे द्रव्य म्हणजे सिट्रिनिनच, हे १९९५ मध्ये स्पष्ट झाले. तेही पॉलिकीटाइडच असल्याने रंगाला अनुकूल परिस्थिती पुष्कळदा त्यालाही मानवते. युरोपीय संघाने मोनॅस्कस पर्प्युरियसने आंबवलेल्या तांदळाच्या आहारपूरकांसाठी सिट्रिनिनची मर्यादा आधी किलोमागे २,००० मायक्रोग्रॅम ठेवली होती, ती २०१९ च्या नियमाने १०० वर आणली. शिवाय हा रंग तिथे किंवा अमेरिकेत खाद्यरंग म्हणून मंजूर नाही, तर चीन आणि जपानमध्ये तो वापरला जातो. तुम्ही जिथे आहात तिथला नियम आधी पाहा, फ्लास्क नंतर भरा.

‘उकळले की विष जाते’ असे सांगणारे भेटतील. कोरडे सिट्रिनिन १७५ अंशांच्या आसपास आणि पाण्यासोबत १४० अंशांच्या आसपास मोडते, म्हणजे उकळण्याने ते जात नाही. मोडल्यावर बनणारी काही द्रव्येही विषारी असतात. धुऊनही जात नाही, कारण रंगाबरोबर तेही इथेनॉलमध्ये उतरते. खरा इलाज मुळाशी आहे. सिट्रिनिनची जनुके मोनॅस्कस पर्प्युरियसमध्ये सर्वसाधारणपणे शाबूत आढळतात, मोनॅस्कस पिलोससच्या तपासलेल्या स्ट्रेनमध्ये ती नसतात किंवा बरीच वेगळी असतात. तरीही बाटलीवरच्या नावावर विसंबू नका, या वंशात ओळखीच्या चुका पुष्कळ झाल्या आहेत. चाळणी म्हणून थिन लेयर क्रोमॅटोग्राफीची पट्टी अतिनील दिव्याखाली पाहता येते, सिट्रिनिन पिवळसर चमकते. पण रंगद्रव्यांच्या गर्दीत तो ठिपका हरवतो आणि १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा त्या पट्टीच्या आवाक्यात नाही. त्यासाठी फ्लुओरेसन्स शोधक असलेले एचपीएलसीच (द्रव क्रोमॅटोग्राफीचे अचूक उपकरण) हवे, आणि तेही प्रत्येक खेपेला. एका खेपेचा शुद्ध अहवाल पुढच्या खेपेला लागू होत नाही. याखेरीज काही स्ट्रेन मोनॅकोलिन के तयार करतात. ते रासायनिकदृष्ट्या लोवास्टॅटिनच, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करण्याचे औषध. रंगासाठी घेतलेल्या पुडीत ते असावे असे कुणालाच वाटणार नाही.

खाद्यरंग हेच ध्येय असेल तर टॅलारोमायसीस अ‍ॅट्रोरोझियसकडे पाहण्यासारखे आहे. २०१३ मध्ये वर्णन झालेली ही प्रजाती मोनॅस्कससारखीच लाल अ‍ॅझाफिलोन बाहेर सोडते आणि सिट्रिनिन तयार करत नाही. पिवळा-केशरी चालणार असेल तर ब्लेकेस्लिया ट्रायस्पोराचा बीटा-कॅरोटीन युरोपात मंजूर आहे. त्यासाठी धन आणि ऋण अशा दोन्ही प्रकारांच्या स्ट्रेन एकत्र वाढवाव्या लागतात. दोघींच्या भेटीतून ट्रायस्पोरिक आम्ले बनतात आणि तीच कॅरोटीनला चालना देतात. मात्र तो रंग तेलात विरघळणारा आहे, पद्धत पूर्ण वेगळी.

एक गोष्ट मुळीच करू नका. मातीत, फळावर किंवा भिंतीवर सापडलेली, अगारमध्ये लाल रंग सोडणारी कुठलीही बुरशी घेऊन काम सुरू करू नका. टॅलारोमायसीस मार्नेफेई २५ अंशांना अगदी असाच देखणा लाल रंग सोडते, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ती जिवावर बेतणारा आजार देऊ शकते. फ्युझेरियमच्या लाल रंगासोबत कवकविषे येण्याची शक्यता असते. कल्चर नेहमी मान्यताप्राप्त संग्रहातूनच, नाव आणि क्रमांकासह घ्यावे.

पुढच्या खेपेसाठी माझा सल्ला असा. वरचेच माध्यम तीन प्रकारे करा: एकात ग्लुटामेट ५ ग्रॅम, दुसऱ्यात अमोनियम सल्फेट १.७६ ग्रॅम, तिसऱ्यात सोडियम नायट्रेट २.२७ ग्रॅम, सगळे लिटरमागे. तिन्हींत नायट्रोजन सारखाच पडतो. प्रत्येकाचे तीन फ्लास्क, इनॉक्युलम एकाच मोजलेल्या बीजाणू-द्रावणातून, आणि रोजचा पीएच. अमोनियमच्या माध्यमात फॉस्फेट असूनही पीएच घसरताना दिसेल, फक्त पूर्वीपेक्षा सावकाश. दहाव्या दिवशी ब्रॉथ आणि कवकजाल यांचे वेगवेगळे आकडे आणि पीएचचा तक्ता इथे टाका. सोबत गोळ्यांचा व्यास आणि फ्लास्क उघडल्यावर कसला वास आला तेही लिहा.